रेडवूडचा किनारा: सॅन फ्रान्सिस्को ते ओरेगॉनची सीमा

कॅलिफोर्नियाचा उत्तर किनारा सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलापलीकडे सुरू होतो आणि ओरेगॉन राज्याच्या सीमेपर्यंत जातो. आतल्या बाजूने जाणारा हमरस्ता क्रमांक १०१ धरला, तर या टोकाचे मोठे गाव क्रेसेंट सिटी सॅन फ्रान्सिस्कोहून सुमारे ५७० किलोमीटरवर आहे आणि एका दिवसात गाठता येते. पण हा प्रदेश नीट बघायचा तर समुद्राला चिकटून जाणारा रस्ता क्रमांक १ घ्यावा लागतो आणि हाताशी निदान आठवडा असावा लागतो. बे एरियात मुलांकडे आलेले मराठी आईवडील बहुधा म्युअर वुड्सची राई बघून परततात. ती राई सुंदर आहे आणि १९०८ पासून राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेली आहे. मात्र सर्वांत उंच झाडे, निर्मनुष्य कडे आणि या किनाऱ्याचा बहुतेक इतिहास तिच्या उत्तरेला आहे.

इथला समुद्र डुंबण्याचा नाही. वसंत ऋतूपासून उन्हाळ्यापर्यंत वायव्येकडून येणारे वारे किनाऱ्याच्या बाजूबाजूने वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याच्या जागी खोल समुद्रातले गार पाणी वर येते. ऐन जुलैमध्येही पाण्याचे तापमान १० ते १३ अंश सेल्सियसच्या आसपास असते. या पाण्यावरून येणारी दमट हवा गारठते, तिचे धुके होते आणि नद्यांच्या मुखांतून, दऱ्यांतून ते आत शिरते. इथला पाऊस हिवाळ्यातला, साधारण नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत धुके सर्वांत दाट असते.

रेडवूडचे झाड या धुक्याच्या आधाराने उभे आहे. 'सेकोया सेम्परव्हायरन्स' हे त्याचे शास्त्रीय नाव. नैऋत्य ओरेगॉनपासून मध्य कॅलिफोर्नियातल्या बिग सरपर्यंत सुमारे ७२५ किलोमीटर लांबीची एक चिंचोळी पट्टी सोडली, तर ते निसर्गतः जगात कुठेच उगवत नाही. धुक्यातले पाणी पानांवर साचते आणि थेंबाथेंबाने मुळांशी पडते. काही पाणी पाने थेट शोषून घेतात. बर्कली विद्यापीठातले शास्त्रज्ञ टॉड डॉसन यांच्या अभ्यासात जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश पाणी धुक्याचे असल्याचे आढळले. समुद्र आणि अरण्य ही इथे दोन वेगळी प्रेक्षणीय स्थळे मानता येत नाहीत. एकाची गारठलेली हवा दुसऱ्याचे उन्हाळी पाणी असते.

सॅन फ्रान्सिस्कोहून निघाल्यावर पहिला मुक्काम पॉइंट रेयेसच्या द्वीपकल्पाजवळ करणे सोयीचे पडते. हे द्वीपकल्प पॅसिफिक भूपट्टावर आहे आणि समोरची मुख्य भूमी उत्तर अमेरिकेच्या भूपट्टावर. सॅन अँड्रियास नावाचा प्रसिद्ध प्रस्तरभंग दोघांच्या मधून जातो, आणि टोमालेस ही लांबट, सरळ खाडी त्याच भेगेत भरली आहे. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात, ज्यात सॅन फ्रान्सिस्को शहर जळाले, इथली जमीन क्षणार्धात सरकली. ओलेमा गावाजवळच्या छोट्या पायवाटेवर लाकडी कुंपणाची एक ओळ मध्येच तुटून काही पावले बाजूला पुन्हा सुरू होताना दाखवली आहे. भूगोलाच्या पुस्तकातली आकृती इतकी स्पष्ट क्वचितच जमिनीवर पाहायला मिळते. द्वीपकल्पाच्या टोकाला १८७० चे दीपगृह आहे. धुक्याच्या खाली प्रकाश पोहोचावा म्हणून ते कड्याच्या माथ्यावर न बांधता बरेच खाली बांधले गेले. तिथे जायला ३१३ पायऱ्या उतराव्या लागतात.

तिथून उत्तरेला रस्ता कड्याच्या काठाने वळणे घेत फोर्ट रॉसला येतो. हा रशियनांचा किल्ला आहे, आणि तो इथे असणे अनेकांना नवलाचे वाटते. रशियन-अमेरिकन कंपनीने १८१२ मध्ये तो वसवला. समुद्री ऊदमांजरांची कातडी मिळवणे आणि अलास्कातल्या वसाहतींसाठी धान्य पिकवणे हे दोन हेतू होते. शिकारीसाठी अलास्कातले मूलनिवासी आणले गेले. जागा कशाया पोमो लोकांची होती आणि शेतावर त्यांनाच राबवले गेले. ऊदमांजरे लवकरच संपत आली, धुक्यात गहू नीट पिकेना, आणि १८४१ मध्ये कंपनीने सगळे सामान जॉन सटर या स्विस वसाहतकाराला विकून टाकले. लाकडी तटबंदी आणि प्रार्थनामंदिर आज दिसते ते पुन्हा उभारलेले आहे. रशियन काळातले एकच घर मूळचे उरले आहे. याच सटरच्या लाकूडगिरणीजवळ, इथून दूर पूर्वेला, जानेवारी १८४८ मध्ये सोने सापडले. पुढच्या वर्षी जगभरातून माणसे सॅन फ्रान्सिस्कोत लोटली. शहर लाकडाचे होते, दोन वर्षांत अनेकदा जळाले आणि दर वेळी पुन्हा उभारले गेले. लाकूड मात्र दूरदूरहून जहाजांनी आणावे लागत होते.

हे लाकूड उत्तरेला हाकेच्या अंतरावर आहे, हे व्यापाऱ्यांना ज्या घटनेने कळले तिचा धागा मुंबईपर्यंत जातो. 'फ्रॉलिक' हे वेगवान शिडाचे जहाज बॉल्टिमोरमध्ये १८४४ साली बांधले गेले. मालक बॉस्टनचे, आणि काम मुंबई बंदरातून माळव्याची अफू चीनला पोहोचवण्याचे. काही वर्षांनी आगबोटींपुढे शिडांची जहाजे मागे पडली. मग मालकांनी 'फ्रॉलिक'मध्ये चिनी मातीची भांडी, रेशीम, फर्निचर असा माल भरून सोन्याने श्रीमंत झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोकडे पाठवले. २५ जुलै १८५० च्या रात्री मेंडोसिनोच्या उत्तरेला पॉइंट कब्रिलोजवळ ते खडकावर आदळले. पुढल्या वर्षी हेन्री मेग्ज या लाकूडव्यापाऱ्याने बुडालेला माल काढायला जेरोम फोर्ड यांना धाडले. फोर्ड यांच्या हाती फारसे काही लागले नाही, कारण पोमो लोकांनी माल आधीच उचलला होता. पण नदीकाठची अफाट झाडे पाहून ते परतले, आणि १८५२ मध्ये बिग रिव्हरच्या मुखाशी लाकूडगिरणी सुरू झाली. १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ थॉमस लेटन यांना किनाऱ्यापासून दूर आतल्या डोंगरातल्या पोमो वस्तीच्या जागी चिनी भांड्यांच्या खापऱ्या आणि बाटलीच्या हिरव्या काचेची बाणाग्रे सापडली. त्या खापऱ्यांचा माग काढत ते या जहाजापर्यंत आणि तिथून अफूच्या व्यापारापर्यंत पोहोचले. पॉइंट कब्रिलोला १९०९ चे दीपगृह आहे आणि तिथे या जहाजाची हकिगत मांडलेली आहे. मुंबईच्या बंदराचा इतिहास वाचणाऱ्याने इथे थोडा वेळ जरूर काढावा.

मेंडोसिनो गाव त्या गिरणीतून जन्मले. गिरणीसाठी आलेले बरेच लोक अमेरिकेच्या ईशान्येतल्या न्यू इंग्लंडचे, म्हणून घरेही तिकडच्या धाटणीची: उतरती छपरे, पांढऱ्या फळ्या, टोकदार चर्च, आणि परसात लाकडी मनोऱ्यांवर चढवलेल्या पाण्याच्या टाक्या. तिन्ही बाजूंनी समुद्राचे मोकळे गवताळ कडे आहेत. या कड्यांमध्ये धड बंदर नव्हते. जहाजे अगदी अरुंद खोबणीत नांगर टाकत आणि माथ्यावरून घसरगुंड्यांनी, पुढे तारांवरून, फळ्या व ओंडके खाली डेकवर सोडले जात. किती जहाजे फुटली याला गणती नाही. डिसेंबर ते एप्रिल या काळात अलास्का आणि मेक्सिको यांच्या दरम्यान ये-जा करणारे करडे देवमासे याच कड्यांवरून दिसतात; त्यासाठी बोटीची गरज पडत नाही.

गावाच्या उत्तरेला जग हँडल येथे एक वेगळीच पायवाट आहे. समुद्राने कोरलेले सपाट पट्टे भूगर्भातल्या हालचालींनी एकामागून एक वर उचलले गेले, आणि त्यांच्या पाच प्रचंड पायऱ्या तयार झाल्या. प्रत्येक पायरी खालचीपेक्षा सुमारे १०० फूट उंच आणि साधारण एक लाख वर्षे जुनी. सर्वांत खाली गवत, मग रेडवूड आणि डग्लस फर, आणि वरच्या पायऱ्यांवर एकाएकी खुरटे रान. पावसाने लाखो वर्षे धुतलेल्या या जमिनीत पोषण उरलेले नाही, आम्लता फार, आणि थोड्या खोलीवर दगडासारखा कडक थर. कोकणच्या कातळसड्यांवर झाड जसे गुडघ्याएवढे राहून जाते, तसे इथे कित्येक दशकांचे सायप्रस आणि पाइन माणसाच्या कमरेइतके राहतात. तासाभराच्या चढात जगातल्या सर्वांत उंच जातीच्या झाडांपासून या बुटक्या रानापर्यंत जाता येते. फरक फक्त पायाखालच्या मातीचा आहे.

फोर्ट ब्रॅग हे पुढचे गाव. १८५७ च्या लष्करी ठाण्यावरून त्याला नाव मिळाले. इथल्या ग्लास बीचवर पूर्वी गावाचा कचरा टाकला जाई. १९६७ मध्ये ते थांबले आणि लाटांनी काचांचे गुळगुळीत खडे केले. लोकांनी ते इतके उचलले की आता थोडेच राहिले आहेत. लाकूड वाहण्यासाठी १८८५ मध्ये सुरू झालेली रेल्वे आता 'स्कंक ट्रेन' म्हणून पर्यटकांना जंगलात नेते.

फोर्ट ब्रॅगच्या पुढे रस्ता क्रमांक १ समुद्र सोडून आत वळतो आणि लेगेट येथे १०१ ला मिळून संपतो. पुढचे डोंगर रस्ता बांधायला फार उभे ठरले. किंग्ज पीक हे ४,०८८ फुटांचे शिखर समुद्रापासून जेमतेम पाच किलोमीटरवर आहे. केप मेंडोसिनोजवळ तीन भूपट्ट एकत्र येतात आणि जमीन अजून वर उचलली जात आहे. एप्रिल १९९२ च्या भूकंपात किनाऱ्याचा एक भाग सुमारे मीटरभर वर आला आणि भरतीरेषेतले शिंपले-कालवे उघड्यावर मरून गेले. रस्त्याने टाळलेल्या या भागाला 'लॉस्ट कोस्ट' म्हणतात. मटोल नदीच्या मुखापासून शेल्टर कोव्हच्या काळ्या वाळूपर्यंत सुमारे ४० किलोमीटरची पायवाट आहे. तिचे काही टप्पे भरतीच्या वेळी पूर्ण पाण्याखाली जातात, तेव्हा भरती-ओहोटीचे तक्ते सोबत असल्याशिवाय तिथे पाऊल टाकू नये. अस्वलांपासून अन्न सुरक्षित ठेवणारे बंद डबे बाळगणे सक्तीचे आहे. सवय नसलेल्यांनी गाडीने शेल्टर कोव्हला जाऊन येणे पुरे.

लेगेटच्या उत्तरेला अरण्य खऱ्या अर्थाने सुरू होते. १०१ ला समांतर असलेला ५० किलोमीटरचा जुना रस्ता 'अव्हेन्यू ऑफ द जायंट्स' म्हणून ओळखला जातो आणि हंबोल्ट रेडवूड्स स्टेट पार्कमधून जातो. एकेकाळी रेडवूडचे मूळ अरण्य सुमारे वीस लाख एकर होते. त्यातले आज पाच टक्क्यांच्या आसपास उरले आहे. १९१७ मध्ये तीन निसर्गअभ्यासक इथे आले आणि तोड पाहून पुढल्या वर्षी त्यांनी 'सेव्ह द रेडवूड्स लीग' स्थापन केली. संस्थापकांपैकी मॅडिसन ग्रँट हे वंशवादी लिखाणासाठीही कुप्रसिद्ध आहेत, आणि संस्थेने आता ते उघडपणे मान्य केले आहे. हंबोल्ट जिल्ह्यातल्या स्त्रियांनी आपली वेगळी संघटना काढली. देणग्या गोळा करायच्या, राई विकत घ्यायची आणि राज्याकडे सोपवायची, अशी ही पद्धत. रॉकफेलर कुटुंबाच्या देणगीतून घेतलेले बुल क्रीककाठचे सुमारे १०,००० एकरांचे वन हा मूळ रेडवूड अरण्याचा शिल्लक राहिलेला सर्वांत मोठा सलग तुकडा आहे. इथे जे काही उभे आहे ते आपोआप वाचलेले नाही, राईमागून राई पैसे मोजून वाचवलेले आहे.

फाउंडर्स ग्रोव्ह या राईत 'डायरव्हिल जायंट' आडवा पडलेला आहे. सुमारे ३६० फुटांचे हे झाड मार्च १९९१ मध्ये पावसाने जमीन मऊ झाल्यावर कोसळले. उभ्या झाडाचा शेंडा दिसत नाही, त्यामुळे उंचीचा अंदाजच येत नाही; आडव्या खोडाच्या कडेने चालत गेल्यावर तो येतो. उपटलेल्या मुळांचा पसारा माणसाच्या कितीतरी पट उंच आहे, पण त्यात खोल गेलेले सोटमूळ नाही. रेडवूडची मुळे जमिनीत दहा-बारा फुटांहून खोल क्वचितच जातात. ती आडवी शंभर फुटांपर्यंत पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. पडलेल्या खोडावर नेचे, शेवाळ आणि हेमलॉकची रोपे उगवली आहेत, आणि ते पूर्ण कुजायला शतके लागतील.

या झाडाचा शंकू जेमतेम इंचभर, बी काही मिलिमीटरचे. तरी बियांवर त्याची फारशी भिस्त नसते. बुंध्यावरच्या गाठींतून धुमारे फुटतात, आणि जुने झाड मेले की त्याच्या भोवती नव्या झाडांचे कडे उभे राहते. फूटभर जाड, टॅनिनयुक्त साल आगीला आणि किडीला दाद देत नाही. दोन हजार वर्षांहून जुनी झाडे आहेत. शास्त्रज्ञ दोरांनी शेंड्यापर्यंत चढू लागले तेव्हा कळले की वर आणखी एक वन आहे: फांद्यांच्या बेचक्यांत पडलेल्या पानांची माती होते, तिच्यात नेचे आणि हकलबेरीची झुडपे वाढतात, आणि सॅलमँडरची एक जात तिथे राहते. मार्बल्ड मरलेट हा समुद्रावर मासे मारणारा पक्षी याच झाडांच्या रुंद, शेवाळलेल्या फांद्यांवर एकच अंडे घालतो आणि पिलासाठी समुद्रातून मासे घेऊन रोज ये-जा करतो. असल्या फांद्या तरुण झाडाला नसतात. म्हणून तोडलेल्या जागी नवी झाडे लावली म्हणजे जुने अरण्य परत आले, असे होत नाही.

युरीका हे या भागातले मुख्य शहर, हंबोल्ट उपसागराच्या काठी. लाकूडसम्राट विल्यम कार्सन यांचा १८८० च्या दशकातला लाकडी महाल बाहेरूनच बघता येतो. समोरच्या तुलुवाट बेटावर २६ फेब्रुवारी १८६० रोजी वियॉट लोकांच्या उत्सवाच्या वेळी गोऱ्या वसाहतकारांनी झोपलेल्या स्त्रिया, मुले, म्हातारे यांची कत्तल केली. २०१९ मध्ये युरीका शहराने बेटावरची आपली जमीन वियॉट लोकांना परत दिली. शहरात फिरताना महालाइतकेच लक्ष त्या बेटाकडे जायला हवे.

युरीकाच्या उत्तरेला रेडवूड नॅशनल पार्क लागते. ते १९६८ मध्ये स्थापन झाले, पण आखणी अपुरी होती. उद्यानाच्या वरच्या उतारांवर तोड चालूच राहिली आणि त्यांची माती रेडवूड क्रीकमध्ये येऊन काठच्या उंच झाडांना धोका झाला. म्हणून १९७८ मध्ये बहुतांशी बोडके झालेले ४८,००० एकर उतार विकत घेऊन उद्यान वाढवले गेले. तेव्हापासून इथे लाकूडतोडीचे जुने रस्ते खणून काढून उतार पूर्ववत करण्याचे काम चालू आहे. तोडीनंतर दाटीवाटीने उगवलेल्या रानाची विरळणी करून उरलेल्या झाडांना वाढू देण्याचा मोठा कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. १९८० पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे आणि १९९४ पासून राष्ट्रीय उद्यान व तीन राज्य उद्याने यांचा कारभार एकत्र चालतो.

जगातले ज्ञात सर्वांत उंच झाड, 'हायपेरियन', याच उद्यानात २००६ मध्ये आढळले. उंची सुमारे ११६ मीटर. ते बघायला जाऊ नये. तिथे वाट नाही, लोकांच्या पायांनी मुळांभोवतीची जमीन तुडवली गेली, आणि आता तो भाग बंद असून शिरणाऱ्याला जबर दंड होतो. लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्हची सोपी फेरी किंवा प्रेअरी क्रीकमधल्या वाटा यांतून झाडांचा अनुभव तितकाच मिळतो. प्रेअरी क्रीकच्या कुरणांवर रूझवेल्ट एल्क ही मोठी हरणे चरताना दिसतात. त्यांच्या जवळ जाणे धोक्याचे असते. समुद्राकडच्या फर्न कॅन्यनमध्ये सुमारे ५० फूट उंच उभ्या भिंती वरपासून खालपर्यंत नेच्यांनी झाकलेल्या आहेत आणि तळाशी ओढा वाहतो. पाय भिजवत ओढ्यातूनच चालावे लागते. उन्हाळ्यात तिथे जायला आगाऊ परवाना काढावा लागतो.

क्लॅमथ नदीच्या मुखाकडचा प्रदेश युरोक लोकांचा. त्यांची घरे आणि होड्या रेडवूडच्या, जेवण सॅमनचे. विसाव्या शतकात नदीवर वरच्या भागात धरणे झाली, पाणी गरम आणि गढूळ झाले; सप्टेंबर २००२ मध्ये नदीच्या खालच्या भागात हजारो सॅमन मरून तरंगले. त्यानंतर युरोक, करुक आणि इतर जमातींनी चिकाटीने लढा दिला आणि २०२३-२४ मध्ये चार धरणे काढून टाकण्यात आली. २०२४ च्या शरदात सॅमन धरणांच्या जुन्या जागा ओलांडून ओरेगॉनपर्यंत पोहोचले. अमेरिकेत नदी मोकळी करण्याचे एवढे मोठे काम त्यापूर्वी झाले नव्हते. युरोक लोकांनी २०२२ पासून इथे कॉन्डोर गिधाडेही पुन्हा सोडली आहेत.

क्रेसेंट सिटीच्या अलीकडे १०१ चा एक तुकडा सतत समुद्राकडे सरकत असतो. दुरुस्तीसाठी वाहने थांबवली जातात, तेव्हा हातात वेळ ठेवावा. गावाच्या उपसागराचा आकार असा की दूरच्या त्सुनामीही इथे उसळतात. मार्च १९६४ मध्ये अलास्काच्या भूकंपानंतर आलेल्या लाटांनी बाजारपेठ उद्ध्वस्त केली आणि ११ जण गेले. किनाऱ्यासमोर कॅस्केडिया हा भूपट्टांचा सांधा आहे. तिथला शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० चा, आणि त्याची तारीख जपानमध्ये नोंदलेल्या लाटांवरून ठरवता आली. किनाऱ्यावर जागोजागी उंचावर पळण्याच्या वाटा दाखवणारे फलक आहेत. १८५६ चे बॅटरी पॉइंट दीपगृह एका छोट्या बेटावर आहे आणि तिथे ओहोटीतच चालत जाता येते.

शेवटचा दिवस जेडिडाया स्मिथ उद्यानासाठी राखावा. हाउलंड हिल रोड हा कच्चा, अरुंद रस्ता थेट बुंध्यांमधून वाट काढत स्टाउट ग्रोव्हला जातो. मोठ्या गाड्यांना तो झेपत नाही. राईच्या कडेने वाहणाऱ्या स्मिथ नदीवर एकही मोठे धरण नाही आणि तिचे पाणी तळापर्यंत पारदर्शक दिसते. इथून हमरस्ता १९९ ईशान्येला ओरेगॉनमधल्या ग्रँट्स पासकडे जातो आणि पुढे मेडफर्डला विमानतळ आहे, त्यामुळे आला रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही. मे ते ऑक्टोबर हा प्रवासाचा सोयीचा काळ. त्यातही धुके कमी आणि हवा उबदार हवी असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्याने स्वेटर आणि जाकीट घेतल्याशिवाय निघू नये.